कूलरची पकड

प्रोसेसरसाठी वेगळा कूलर घ्यायला आलेली मंडळी आधी पंखे मोजतात, मग हीट पाइप मोजतात आणि शेवटी दिव्यांचा रंग विचारतात. मी मात्र खोका उघडून आधी तळाची पिशवी बाहेर काढते. तिच्यात ब्रॅकेट, स्क्रू, स्प्रिंगा आणि बॅकप्लेट असते. कूलर प्रोसेसरला कसा धरून बसणार, हे त्या पिशवीवरून कळतं. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून मी नागपुरात कॉम्प्युटर जोडून देते. या काळात धातू वाढला, पंखे वाढले, किमतीही वाढल्या. पण दर पिढीत नुकसान झालं ते बहुतेक वेळा पकडीपाशीच झालं. म्हणून कूलरचा इतिहास मला पकडीच्या बाजूनं सांगावासा वाटतो.

सुरुवातीला धरायलाच काही नव्हतं. इंटेलचा ३८६ उघडाच चालायचा. १९८९ साली ४८६ आला, त्याचे सुरुवातीचे नमुनेही तसेच चालत. १९९२चा ६६ मेगाहर्ट्झचा डीएक्स२ मात्र बोटाला चटका देऊ लागला आणि त्याच्या माथ्यावर ॲल्युमिनियमच्या पात्यांचा लहानसा तुकडा आला. १९९३मध्ये पेंटियम आला. पाच व्होल्टवर चालणारा ६६ मेगाहर्ट्झचा पेंटियम १६ वॉटच्या आसपास उष्णता टाकायचा, आणि तिथून पंखा कायमचा मागे लागला. २०२३चा कोअर आय-९ १४९००के पूर्ण भारावर २५३ वॉट घेतो; हा आकडा इंटेलच्याच कागदावर आहे. त्या पहिल्या पंख्यांची निवड वगैरे कोणी करत नसे. दुकानदाराकडे असेल तो पंखा, वाकवलेल्या तारेच्या कडीनं अडकवलेला, आणि वीज हार्ड डिस्कच्या वायरमधून घेतलेली. पंखा घरघरायला लागला की साठ-सत्तर रुपयांत दुसरा.

पकडीला एवढं महत्त्व का, ते आधी सांगते. प्रोसेसरचा माथा आणि कूलरचा तळ हे दोन्ही डोळ्यांना आरशासारखे गुळगुळीत दिसले तरी त्यांच्यात सूक्ष्म खळगे असतात. त्या खळग्यांत हवा अडकते आणि हवा उष्णतेची वाहक म्हणून अगदी वाईट. थर्मल पेस्ट ती हवा हाकलते, पण पेस्ट स्वतः तांब्याच्या तुलनेत फार कमी उष्णता वाहते. म्हणजे पेस्टचा थर जितका पातळ तितकं चांगलं, आणि तो पातळ होतो फक्त सारख्या दाबानं. कूलर कितीही महाग असो, एका कोपऱ्यात दाब कमी पडला की सगळं तांबं तिथेच वाया जातं.

लोक स्वतःहून वेगळा कूलर शोधू लागले ते १९९८नंतर, आणि त्याचं श्रेय मी सेलेरॉन ३००एला देते. हा ३०० मेगाहर्ट्झचा स्वस्त प्रोसेसर ६६ मेगाहर्ट्झच्या बसवर चालायचा. बस १०० केली की साडेचारच्या गुणकानं तो ४५० मेगाहर्ट्झवर पळायचा, आणि त्यांतले पुष्कळसे खरंच पळत. त्याची १२८ केबीची कॅश मुख्य चिपवरच असल्यामुळे तीही त्याच वेगानं धावे. विद्यार्थ्याच्या पैशांत श्रीमंताचा कॉम्प्युटर मिळत होता. वेग वाढवला की उष्णता त्या प्रमाणात वाढते, आणि व्होल्टेज वाढवलं तर वर्गाच्या पटीत. म्हणून ज्यांना हा खेळ खेळायचा होता ते चांगल्या हीटसिंकच्या मागे लागले. जपानच्या अल्फा कंपनीचे पाल मालिकेतले हीटसिंक तेव्हा जगभर नावाजले गेले: ॲल्युमिनियमच्या बारीक खुंट्यांचं रान, तळाला तांब्याचा पत्रा, आणि हवा खाली फेकण्याऐवजी वर ओढणारा पंखा. मी विदर्भ एक्सप्रेसनं मुंबईला जाऊन लॅमिंग्टन रोडवरून माल आणायचे, पण अल्फा माझ्या हाती कधी लागला नाही. मिळायचा तो तैवानचा माल: कूलर मास्टर, आणि त्याहून जास्त बिननावाचा.

मग आला सॉकेट ए, इंटेलची प्रतिस्पर्धी एएमडी हिच्या प्रोसेसरची मदरबोर्डवरची बैठक. या काळाबद्दल मी थोडं जास्त बोलणार आहे, कारण हाताची खरी परीक्षा तेव्हा झाली.

जून २०००मध्ये एएमडीनं थंडरबर्ड ॲथलॉन आणि त्याचा धाकटा भाऊ ड्युरॉन या सॉकेटवर आणले. भाव आणि वेग दोन्ही बाबतींत इंटेलला घाम फुटला. पण या प्रोसेसरला माथ्यावर धातूची टोपी नव्हती. मधोमध सिलिकॉनचा उघडा तुकडा, साधारण १२० चौरस मिलिमीटरचा, अंगठ्याच्या नखाहून लहान. जून २००१चा १.४ गिगाहर्ट्झचा ॲथलॉन एवढ्याशा जागेतून ७२ वॉट बाहेर टाकायचा. चार कोपऱ्यांत रबराच्या टिकल्या होत्या, कूलर तिरका होऊ नये म्हणून. सिलिकॉन काचेसारखं ठिसूळ. कूलर एका कडेवर टेकला की कोपऱ्याचा टवका उडायचा आणि प्रोसेसर संपायचा. बाजारात तांब्याच्या पातळ चौकटी विकायला आल्या, चिपभोवती ठेवून भार पेलायला.

सॉकेटच्या दोन बाजूंना प्लास्टिकचे कान असत, प्रत्येक बाजूला तीन. कूलरवरून आडवी जाणारी पोलादी पट्टी त्यांत अडकवायची. स्वस्त कूलरची पट्टी मधल्या एकाच कानावर लटकायची. तो तुटला की मदरबोर्ड गेला. बऱ्या कूलरची पट्टी तिन्ही कान धरायची. कूलरच्या तळाला एका बाजूनं खाच असे, सॉकेटचा उंच भाग त्या खाचेत बसावा म्हणून. कूलर उलटा ठेवला तर तो किंचित तिरका राही, डोळ्यांना पटकन दिसतही नसे, आणि वीज दिल्यावर काही क्षणांत प्रोसेसर जळे.

मी तो असा बसवायचे. बोर्ड टेबलावर सपाट. वाकून, डोळा सॉकेटच्या पातळीला आणून खाचेची बाजू बघायची. कूलर वरून सरळ टेकवायचा. मागची कडी आधी अडकवायची. पुढच्या कडीच्या खाचेत सपाट तोंडाचा स्क्रूड्रायव्हर घालायचा आणि उजव्या हाताचा जोर खाली आणि किंचित बाहेर लावायचा. डाव्या हाताची बोटं पंख्याच्या चौकटीवर, कूलर तसूभरही सरकू नये म्हणून. स्क्रूड्रायव्हर निसटला तर टोक थेट बोर्डवर जातं आणि तिथल्या तांब्याच्या बारीक रेघा कापल्या जातात. त्यासाठी सॉकेटशेजारी जाड पुठ्ठा ठेवायचा. कडी अडकल्याचा आवाज आला की लगेच सुटकेचा श्वास नाही; पुन्हा वाकून चारी कडा बघायच्या. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना मी आधी खराब बोर्डवर हेच करायला लावत असे.

थर्मलटेकचा गोल्डन ऑर्ब त्या काळातला सगळ्यांत देखणा कूलर. सोनेरी, गोल, मध्ये पंखा आणि भोवती किरणांसारखी पाती. तो फिरवून घट्ट करायचा असे. इंटेलच्या सॉकेट ३७०वर ठीक होता, पण थंडरबर्डच्या उघड्या चिपवर ते फिरवणं जीवघेणं ठरलं आणि त्यानं चिपा फोडल्याच्या तक्रारी सगळीकडून आल्या. माझ्या लेखी तो कायम न आवडणाऱ्या मालात राहिला. देखणेपणासाठी पकड बिघडवलेली वस्तू मी विकत नाही.

सप्टेंबर २००१मध्ये टॉम्स हार्डवेअर या संकेतस्थळाच्या लोकांनी एक प्रयोग करून त्याची चित्रफीत दाखवली. कॉम्प्युटरवर क्वेक थ्री हा खेळ चालू असताना त्यांनी कूलर उचलून बाजूला केला. पेंटियम ४ हळू झाला पण चालत राहिला. पेंटियम ३ थांबला, पण वाचला. ॲथलॉनमधून धूर निघाला. पेंटियम ४च्या आत तापमान बघून वेग कमी करणारी यंत्रणा होती, ॲथलॉनमध्ये तसं संरक्षण नव्हतं. कूलरची कडी तुटणं किती महागात पडतं, हे त्या चित्रफितीनं साऱ्या जगाला एकदमच शिकवलं. २००३च्या ॲथलॉन ६४वर अखेर धातूची टोपी आली.

आणखी एक गोष्ट मला आजही खटकते. एएमडीनं सॉकेट एभोवती चार भोकांचा आराखडा दिला होता. अमेरिकेच्या स्विफ्टेकचा एमसी४६२ आणि अल्फाचा पाल ८०४५ या भोकांतून स्क्रूनं बसायचे; प्लास्टिकच्या कानांवर काही भार नाही. सगळ्यांत शहाणी पकड हीच होती. पुढे कित्येक मदरबोर्डवरून ती भोकं गायब झाली, आणि लोक पुन्हा ३०० ग्रॅमच्या मर्यादेत, स्क्रूड्रायव्हरच्या जोरावर आले.

आवाजाचा काळही तोच. डेल्टाचे ६० मिलिमीटरचे पंखे मिनिटाला ७००० फेरे घ्यायचे; खोलीत बोलणं अशक्य व्हायचं. कोरियाच्या झालमननं २००३च्या सुमारास सीएनपीएस ७००० आणला. तांब्याच्या पातळ पाकळ्यांचं फूल, मोठा आणि सावकाश फिरणारा पंखा. शांत होता, पण शुद्ध तांब्याचा नमुना पाऊण किलोच्या घरात होता.

वजनाचा प्रश्न सुटला तो हीट पाइपनं, आणि नवा प्रश्नही तिनंच उभा केला. ही कल्पना कॉम्प्युटरवाल्यांची नव्हे. जनरल मोटर्सच्या रिचर्ड गॉग्लरला १९४४ साली शीतकरणासाठी तिचं पेटंट मिळालं आणि ते पडून राहिलं. १९६३मध्ये लॉस अलामॉसच्या जॉर्ज ग्रोव्हरनं अंतराळयानातल्या वीजनिर्मितीसाठी ती स्वतंत्रपणे पुन्हा शोधली. आपल्या कूलरमधली नळी तांब्याची, दोन्ही तोंडं बंद, आत थोडंसं पाणी, आणि हवा काढून टाकलेली. दाब कमी असल्यामुळे ते पाणी शंभरच्या खूप खालीच उकळतं. वाफ थंड टोकाकडे धावते, तिथे पाणी होते, आणि नळीच्या आतल्या भाजलेल्या तांब्याच्या भुकटीच्या थरातून परत तळाला येते. ना पंप, ना वीज. त्यामुळे पाती प्रोसेसरपासून दूर, उंच नेता आली. थर्मलराइटचा एक्सपी-१२० २००४चा, सायथचा निन्जा २००५चा, थर्मलराइटचा अल्ट्रा-१२० २००६चा. तेव्हापासून मनोरा हेच चांगल्या कूलरचं रूप झालं.

पण कॅबिनेटमध्ये मदरबोर्ड उभा असतो. त्यामुळे हा मनोरा भिंतीतून आडवा बाहेर आल्यासारखा लोंबकळतो आणि त्याचं सगळं वजन पकडीला खाली ओढत राहतं. नेमक्या याच काळात इंटेलनं पकड कमजोर केली.

फेब्रुवारी २००४मध्ये प्रेस्कॉट पेंटियम ४ आला आणि पुढे ११५ वॉटपर्यंत गेला. इतकी उष्णता झाली की इंटेलनं त्याचा पुढचा प्रोसेसर, तेजस, त्याच वर्षी मे महिन्यात रद्द केला. जूनमध्ये एलजीए ७७५ सॉकेट आलं आणि त्याच्याबरोबर पुश पिन आल्या: प्लास्टिकच्या चार खुंट्या, माथ्यावर बाण, समोरासमोरच्या जोडीनं दाबायच्या. कारखान्यात बोर्ड न उलटता कूलर बसवायला त्या सोयीच्या. आपल्या हाताला नाही. चारांपैकी एक खुंटी पूर्ण न जाणं हे तेव्हाचं सर्रास दुखणं होतं. दुकानात आलेल्या ‘आपोआप बंद होणाऱ्या’ मशिन मी आधी उलट्या करून मागून खुंट्याच बघायची. इंटेलचा हिशोब ४५० ग्रॅमपर्यंतच्या कूलरचा होता. त्याहून जड मनोरेही याच खुंट्यांवर विकले गेले, आणि ट्रॅव्हल्सनं अकोला-यवतमाळला पार्सल गेलेल्या मशिनमध्ये ते सुटून पडत.

जुलै २००६मधल्या कोअर २ ड्युओनं उसंत दिली. ६५ वॉटमध्ये भागत होतं, खोक्यातला कूलर पुरत होता. वेगळा कूलर पुन्हा हौसेची वस्तू झाला. आपल्याकडे ती हौस बहुतेकांनी कूलर मास्टरच्या हायपर २१२वर भागवली. चार हीट पाइप थेट प्रोसेसरला टेकणारे, एक १२० मिलिमीटरचा पंखा, आणि बोर्डमागे पोलादी बॅकप्लेट. पकडीच्या दृष्टीनं ती बॅकप्लेट मला तांब्याहून मोलाची वाटली.

पकडीचं कोडं माझ्या मते खरं सोडवलं ते ऑस्ट्रियाच्या नॉक्टुआनं. २००५मध्ये सुरू झालेली ही कंपनी तिच्या तपकिरी पंख्यांवरून ओळखली जाते, पण माझ्यासाठी तिची खरी करामत स्प्रिंगवाल्या स्क्रूमध्ये आहे. स्क्रू पिळत जायचं, तो स्वतःच एका ठिकाणी थांबतो. दाब किती हवा ते कारखान्यात ठरलेलं असतं, बसवणाऱ्याच्या मनगटावर सोडलेलं नसतं. त्यामुळे २०१४चा एनएच-डी१५, पंख्यांसकट १३२० ग्रॅमचा आणि १६५ मिलिमीटर उंच असूनही हलत नाही. आता इतर चांगल्या कंपन्याही हीच रीत पाळतात.

२०१५मध्ये इंटेलनं स्कायलेक पिढीतल्या, वेग वाढवता येणाऱ्या के प्रोसेसरांच्या खोक्यातून कूलर काढूनच टाकला, आणि वेगळा कूलर ही हौस राहिली नाही. त्याच वर्षअखेर नवं कळलं: स्कायलेकचा खालचा हिरवा पातळ थर जड कूलरच्या दाबाखाली वाकतो. जपानच्या सायथनं आपल्या गिऱ्हाइकांना नवे स्क्रू फुकट दिले. आधी पकड कमी पडायची, आता जास्त होऊ लागली. २०२१च्या एलजीए १७००मध्ये तर कूलर यायच्या आधीच सॉकेटची स्वतःची पकड लांबट प्रोसेसरला मध्यभागी दाबून किंचित वाकवते. त्यावर उपाय म्हणून वेगळी चौकट मिळते. मात्र सॉकेटचे मूळ स्क्रू काढले की वॉरंटीचा प्रश्न येतो, म्हणून मी ती विचारल्याशिवाय बसवत नाही. एएमडीच्या एएम४वर उलटी गंमत: पेस्ट वाळून चिकटली की कूलर ओढताना प्रोसेसर पिनांसकट सॉकेटमधून उपसून येतो. मशीन थोडा वेळ चालवून गरम करा, मग कूलर डावी-उजवीकडे फिरवून सोडवा, सरळ ओढू नका.

पाण्याच्या बंद कूलरबद्दल लोक फार विचारतात. डेन्मार्कच्या एसटेकनं बनवलेला कोर्सेअर एच५० २००९मध्ये आला आणि ही तऱ्हा घरोघरी पोचली. चांगली वस्तू आहे. पण पाणी असो वा हवा, दोन्ही शेवटी खोलीतल्याच हवेत उष्णता टाकतात. खोलीपेक्षा थंड काही होत नाही. बावीस अंशांच्या खोलीत खोलीपेक्षा ४५ अंश वर राहणारा प्रोसेसर ६७ दाखवतो. नागपुरात मे महिन्यात बाहेर ४५ असताना एसी नसलेल्या खोलीत ४० सहज असतं. तोच प्रोसेसर ८५वर जातो. एएमडीच्या रायझन ७००० प्रोसेसरांची सीमा ९५ आहे. परदेशातल्या चाचण्यांचे आकडे वाचताना ही अठराची बेरीज करूनच वाचावं. आणि विदर्भात आणखी एक: वाळ्याच्या कूलरच्या झोतात कॅबिनेट ठेवू नये. ओल्या हवेत धूळ पात्यांवर चिखलासारखी चिकटते आणि ब्लोअरनंही निघत नाही. पाण्याच्या बंद कूलरचा पंप बंद पडला तर इथल्या उन्हाळ्यात मशीन लगेच गुदमरतं. मनोऱ्याचा पंखा गेला तर तो सीताबर्डीत अर्ध्या तासात बदलून मिळतो. म्हणून मी माझ्या गिऱ्हाइकांना मनोराच सुचवते.

आणि मनोरे आता स्वस्तही झालेत. सॉकेट एच्या काळात तांब्याचा एसके६ काढणाऱ्या थर्मलराइटनं २०२२मध्ये पीअरलेस असॅसिन १२० एसई आणला: सहा हीट पाइप, दोन मनोरे, दोन पंखे, उंची १५५ मिलिमीटर, आणि पक्की स्क्रूची पकड. पूर्वी ज्या कामाला दुप्पट पैसे पडत ते आज यात होतं. फक्त कॅबिनेटच्या पुस्तिकेतली कूलरची कमाल उंची आधी बघा, आणि रॅमवर उंच पट्ट्या असतील तर पुढचा पंखा बसतो का तेही.

शेवटी एक विनंती. इंटेलच्या सॉकेटभोवतीच्या भोकांचं अंतर २००९ ते २०२१, एलजीए ११५६पासून १२००पर्यंत, ७५ मिलिमीटर राहिलं. १७००ला ते ७८ झालं. एएमडीच्या एएम४ आणि एएम५च्या भोकांचं माप एकच आहे, पण एएम५ची बॅकप्लेट निघत नाही. नॉक्टुआसारखी कंपनी खरेदीचं बिल दाखवलं की नव्या सॉकेटची पकड फुकट पाठवते. तेव्हा नवा कूलर बसवून झाला की उरलेले ब्रॅकेट, स्क्रू आणि ते बिल एका पिशवीत भरून, तिच्यावर कूलरचं नाव लिहून कपाटात ठेवा. पुढचा प्रोसेसर घ्याल तेव्हा नवा कूलर घ्यावाच लागेल असं नाही.